चार बोटं खाली

व्हर्न टॉलिव्हरला त्या दुपारी एका जागी बसवत नव्हतं, आणि त्याचं काम तर एका जागी बसण्याचंच होतं.

१९९३चा मे महिना, शुक्रवार. पश्चिम कॅन्ससमधल्या ब्रॅकेट कॉलेजच्या बेसबॉल मैदानावर उत्तरेचा बोचरा वारा सुटला होता. फलंदाजाच्या पाठीमागे, जाळीपलीकडच्या तिसऱ्या ओळीत, खांबापासून चौथी जागा ही व्हर्नची जागा. तीन वर्षं तो तिथेच बसत आला होता. कोणी आधी येऊन बसलेलं असलं तर गोड बोलून त्याला उठवायचा. बाक ॲल्युमिनियमचा होता आणि थंडी त्यातून थेट हाडात शिरत होती.

व्हर्न एका व्यावसायिक क्लबचा पारखी होता. कॅन्सस, नेब्रास्का आणि ओक्लाहोमा, अशी तीन राज्यांतली कॉलेजं त्याच्याकडे होती. फेब्रुवारीपासून क्लबच्या गाडीतून हिंडायचं, मुलांचा खेळ बघायचा आणि त्यांतला कोण पुढे पोट भरण्यापुरता खेळू शकेल ते कळवायचं. जूनच्या सुरुवातीला ड्राफ्ट असे. सगळे क्लब आळीपाळीने एकेक नाव पुकारत, फेरीमागून फेरी. पहिल्या दोन-तीन फेऱ्यांत ज्याचं नाव आलं त्याच्यात क्लबचा जीव गुंतायचा. त्याला दुखलंखुपलं तर डॉक्टर, जमेना तर शिक्षक, आणि वर दोन वर्षांचा धीर. विसाव्या फेरीतल्या मुलाचा एक महिना वाईट गेला की त्याच्या हातात परतीचं बसचं तिकीट पडे.

ग्रेडी हॅम्लिन हा व्हर्नने शोधलेला पिचर. एकवीस वर्षांचा, उजव्या हाताचा, उंच आणि बुजरा. तो कॉलेजात पहिल्या वर्षाला असताना त्याच्याकडे कोणी ढुंकूनही बघत नव्हतं, तेव्हापासून व्हर्न त्याच्या नावाने पानं भरत होता. आज जाळीमागे आणखी बारा क्लबांचे पारखी होते. ग्रेडीने चेंडू फेकायला हात मागे नेला की सगळ्यांच्या रडार गन एकदम वर जात, आणि चेंडू सुटला की सगळ्यांच्या माना एकदम खाली, वेगाचा आकडा बघायला. व्हर्नला याची गंमत वाटे. चेंडू सुटतानाचा जो क्षण बघायचा, नेमका त्याच क्षणी सगळे पिचरवरून नजर काढायचे.

तो स्वतः हात बघायचा. या धंद्यात येण्यापूर्वी तो सतरा वर्षं जिल्ह्याच्या रस्ते खात्यात मोजणीदार होता. दुर्बिणीतून लांबच्या काठीवरचे आकडे वाचून रस्त्याचे चढउतार काढायचा. ती सवय सुटली नव्हती. मैदानाच्या पार टोकाच्या कुंपणावर एका ट्रॅक्टरवाल्याची पिवळी जाहिरात होती, तिच्यावर हिरवी अक्षरं. व्हर्नच्या जागेवरून पाहिलं की मधल्या उंचवट्यावरून चेंडू सोडताना ग्रेडीची मूठ बरोब्बर त्या अक्षरांच्या खालच्या कडेला टेकायची. पहिल्या चेंडूला टेकायची आणि शंभराव्यालाही. वहीत हे लिहून त्याखाली त्याने दोन रेघा मारल्या होत्या.

"टॉलिव्हर साहेब," मागच्या ओळीतून आवाज आला. ग्रेडीची आई, बेव्ह हॅम्लिन. गावच्या शाळेच्या स्वयंपाकघरात ती कामाला होती आणि थंडीतही तिच्या बाह्या कोपरापर्यंत सारलेल्या असत. "किती चुळबुळ करताय. ही घ्या गादी. माझ्याकडे आणखी एक आहे."

खेळाडूच्या घरच्यांकडून कॉफीचा घोटसुद्धा घ्यायचा नाही, असा व्हर्नचा नेम होता. पण डावा कुल्ला तासाभरापासून ठणकत होता.

"सामना संपला की परत देतो, बाई."

"नाही दिलीत तर घरी येऊन घेऊन जाईन."

पलीकडे बसलेल्या ऑगी मलूफने सूर्यफुलाच्या बियांची टरफलं कपात थुंकली. ऑगी दुसऱ्या क्लबचा पारखी. वीस वर्षं दोघं त्याच मैदानांवर, त्याच मोटेलांमध्ये भेटत आले होते आणि वीस वर्षांत एकमेकांना कामाची एकही गोष्ट त्यांनी सांगितली नव्हती.

"काय मोजणीदार, लाच घ्यायला लागलास? केवढ्याची?"

"पाच इंचांची," गादी बघत व्हर्न म्हणाला. "मऊ आहे. बसल्यावर चारच भरेल."

"बरं झालं बुवा. आता तरी वळवळ थांबेल. मघापासून मला वाटतंय, शेजारी कोणी कोंबडी आणून बसवलीय."

व्हर्न बसला. कुल्ल्याला ऊब लागली. ग्रेडीने पहिला चेंडू टाकला, बारा रडार गन वर गेल्या, बारा माना खाली वळल्या.

मूठ अक्षरांना टेकलीच नाही. खाली राहिली. चांगली चार बोटं खाली.

दुसरा चेंडू. तेवढीच खाली. तिसराही. वेग ताशी त्र्याण्णव मैल, चौऱ्याण्णव, त्र्याण्णव. आकडे नेहमीचेच होते, म्हणून शेजारचे सगळे निवांत होते.

असा खाली आलेला हात व्हर्नने एकदाच पाहिला होता, सात वर्षांपूर्वी. डॅरिल काइम्स नावाचा मुलगा होता. कोपरातलं लिगामेंट दुखायला लागलं की शरीर न सांगता हात खाली घेतं, दुखणं तेवढं टळतं. वेग मात्र काही दिवस टिकतो. तेव्हा व्हर्नला ते दिसलं होतं आणि तो बोलला नव्हता, कारण वरचे साहेब डॅरिलवर खूश होते आणि तो स्वतः या क्लबात नवा होता. क्लबने डॅरिलला घेतलं, भरपूर राबवलं, आणि दुसऱ्या उन्हाळ्यात त्याचं कोपर गेलं. डॅरिल आता विचिटाजवळ टायरच्या दुकानात काम करत होता. त्या रस्त्यावर टायर पंक्चर झालं तर व्हर्न तसाच हळूहळू पुढच्या गावापर्यंत जात असे.

मग त्याला सगळंच दिसायला लागलं. दोन चेंडूंच्या मध्ये ग्रेडी उजवा हात झटकत होता. कोपरावर सगळ्यात जास्त ताण आणणारा वळणारा चेंडू त्याने तिसऱ्या डावात एकदाही टाकला नाही. चेंडू झेलणाऱ्या कॅचरने तशी खूण केली तेव्हा त्याने मान हलवून नकार दिला. व्हर्न प्रत्येक गोष्ट वहीत लिहीत गेला. पाचव्या डावापर्यंत त्याने वाट पाहिली, मूठ एकदाही वर गेली नाही. मग वही मिटून तो उठला आणि कँटीनच्या भिंतीवरच्या फोनकडे गेला.

विभागाचा प्रमुख लेन फॅरो तेव्हा विचिटातल्या हॉटेलात होता. ड्राफ्टची यादी तिथेच बनत होती.

"लेन, ग्रेडीचा हात खाली आलाय."

"किती?"

"चार बोटं."

"वेग?"

"वेग तसाच आहे. डॅरिलचाही तसाच होता."

"तीन वर्षं तू माझं डोकं खाल्लंस या पोरावरून," लेन म्हणाला. "एप्रिलमध्ये मला विमानाने आणून बसवलंस त्या बाकावर. दुसऱ्या फेरीत घ्यायला मी तयार होतो."

"ठाऊक आहे."

"खात्री आहे तुझी?"

"मी बघितलंय."

"मग संपलं. तू बघितलंस म्हणजे मोजलेलंच असणार. काढला त्याला यादीतून."

व्हर्नने गादी बेव्हच्या शेजारी नेऊन ठेवली. तिने विचारलं, "कसा वाटला आज?" तो म्हणाला, "वारा फार होता," आणि गाडीकडे चालू लागला.

शनिवारी सकाळी त्याला ओक्लाहोमाला जायचं होतं. चाळीस मैल गेल्यावर एका पेट्रोल पंपावर तो थांबला, पेट्रोल न भरता दहा मिनिटं नुसता बसून राहिला आणि गाडी वळवली. मोटेलात काही विसरलं नव्हतं. या वेळी तो गप्प बसला नव्हता, खरं बोलला होता, आणि तरी डॅरिलच्या वेळी लागली नव्हती अशी घालमेल लागली होती. तेव्हा निदान झोप तरी लागली होती.

साडेदहाला तो पुन्हा मैदानावर होता. दुपारच्या सामन्याला दोन तास अवकाश होता. बाकांवर चिटपाखरू नव्हतं. सवयीने तो तिसऱ्या ओळीत, खांबापासून चौथ्या जागेवर जाऊन बसला. मधल्या उंचवट्यावर मैदान राखणारा म्हातारा दाताळं ओढत होता. त्याच्या डोक्यावर लाल टोपी होती. तो सरळ उभा राहिला की टोपीचा शेंडा ट्रॅक्टरवाल्याच्या हिरव्या अक्षरांच्या खालच्या कडेला टेकत होता. व्हर्नने ते पाहिलं आणि सोडून दिलं.

थोड्या वेळाने बेव्ह आली. हातात दालचिनीच्या रोलांचा भलामोठा ट्रे, खांद्याला पिशवी. टीमच्या निधीसाठी ती दर शनिवारी खिमा-राजम्याची चिली आणि रोल विकायची.

"पुन्हा त्याच बर्फावर? उठा जरा," ती म्हणाली. त्याने नको म्हणायच्या आत गादी बाकावर पडली होती. तो बसला. उंचवट्यावरचा म्हातारा कंबरेवर हात ठेवून पुन्हा सरळ उभा राहिला.

लाल टोपी अक्षरांच्या खाली होती.

व्हर्नने गादी काढली आणि बसला. टोपी अक्षरांना टेकली. गादी ठेवली आणि बसला. टोपी चार बोटं खाली गेली. त्याने हे पाच वेळा केलं.

"काही टोचतंय का?" बेव्हने विचारलं. "घरीच शिवलीय मी. एखादी टाचणी राहिली असेल."

"नाही बाई. गादी उत्तम आहे."

तो उठून जाळीपाशी गेला आणि दोन्ही हातांनी जाळी धरून उभा राहिला. डोळा वर गेला की जवळची वस्तू लांबच्या वस्तूपुढे खाली सरकते. खिडकीत मान उंच केली की गज रस्त्यापुढे खाली जातो, तसंच. पिचर त्याच्यापासून नव्वद फुटांवर, जाहिरात सव्वाचारशे फुटांवर आणि डोळा नेहमीपेक्षा चार इंच वर. हिशेब त्याला करावासुद्धा लागला नाही, तीन इंच आणि वर थोडं. चार बोटं. सतरा वर्षं या एका गोष्टीचा पगार त्याने घेतला होता. मोजणीला गेलं की आधी दुर्बिणीची उंची लिहायची, मग बाकीचं, हे तो नव्या पोरांना ओरडून ओरडून शिकवायचा.

"काल हात झटकत होता ग्रेडी," तो म्हणाला. आवाज शक्य तितका साधा ठेवला.

"लहानपणापासून झटकतो. गारठा पडला की. बोटं बधिर होतात म्हणून वळणारा चेंडूही टाळतो. चर्चमध्येसुद्धा झटकतो, पुढच्या बाकावरच्या म्हातारीला लागला होता एकदा." बेव्हने ट्रेवरचा कागद नीट केला, उगाचच. "साहेब, एक विचारू? काल संध्याकाळी आमच्याकडे तीन क्लबांचे फोन येणार होते. वेळा ठरवून दिल्या होत्या. ग्रेडी जेवला नाही, फोनपाशी बसून होता. एकही आला नाही. तुमच्या कानावर काही आलंय का?"

"मी चौकशी करतो," व्हर्न म्हणाला, आणि हे वाक्य तोंडातून बाहेर पडताना त्याला स्वतःचाच राग आला.

चौकशी लांब करावी लागली नाही. दुपारी ऑगी आला, दोन रोल घेतले आणि गाड्यांच्या तळावर व्हर्नच्या गाडीला टेकून खायला लागला.

"तू ओक्लाहोमाला जाणार होतास ना?"

"गेलो नाही. ऑगी, ग्रेडीकडे काल कोणीच फोन केला नाही. का?"

ऑगीने बोटं चाटली. "का म्हणजे? पाचव्या डावात मोजणीदार वही मिटून फोनकडे चालत जातो, परत येतो तो भुतासारखा पांढराफटक चेहरा घेऊन, आणि आई बोलायला लागली तर पळ काढतो. मग आम्ही काय बिया चावत बसायचं? मी माझ्या साहेबांना सांगितलं, काहीतरी मोडलंय. माझ्यामागे रांग लागली होती फोनला. तो टेक्सासच्या क्लबचा उंच पारखी तर सुट्टे पैसे मागत फिरत होता."

"तुम्ही कोणी पोराकडे बघितलंत का?"

"पोराकडे सगळेच बघतात. तुझ्यासारखा हात बघणारा एकच आहे, म्हणून आम्ही तुझ्याकडे बघतो. स्वस्तात पडतं."

व्हर्नने पुन्हा विचिटाला फोन लावला. या वेळी त्याने सगळं सांगितलं. गादी, टोपी, चार इंच. सांगताना कान तापले. लेन हसायला लागला आणि बराच वेळ हसत राहिला.

"म्हणजे हात ठणठणीत?"

"उद्या सकाळी तो पंधरा-वीस हलके चेंडू टाकणार आहे. ते बघून पक्कं सांगतो. पण हो. मला तसंच वाटतंय."

"आणि बाकीचे सगळे सोडून बसलेत त्याला?"

"माझ्यामुळे."

"व्हर्न, गेल्या दहा वर्षांत या क्लबमध्ये एवढं छान काम कोणी केलं नाही, आणि तू ते बुडाखाली गादी घेऊन केलंस." लेनचा आवाज एकदम धंद्याचा झाला. "आता ऐक. उद्या एकटा बघ. कोणाला काही बोलू नकोस. दुसऱ्या फेरीत आपण दुसऱ्या कोणाला तरी घेऊ आणि ग्रेडीला आठव्यात उचलू. कोणी हातही लावणार नाही त्याला."

"त्याचं काय होईल मग?"

"खेळायला मिळेल. आणखी काय हवं? चांगला असेल तर येईल वर."

"आठव्या फेरीतल्याला किती दिवस देतो आपण, लेन? तू आणि मीच त्या यादीवर काट मारतो दर वर्षी."

"हे बघ, तू खोटं बोललास का? नाही. चुकलास. चूक आपल्या बाजूने पडली, एवढंच. जा, झोप जरा."

तो झोपला नाही. दुपारचा सामना त्याने उभ्यानेच पाहिला, कोणत्या बाजूने कोण खेळतंय हेही नीट कळलं नाही. संध्याकाळी गावातून चालत तो धान्याच्या कोठारापर्यंत गेला आणि परत आला, पुन्हा गेला. लेन म्हणत होता त्यात एक शब्दही चुकीचा नव्हता. स्वतः पाहिलेलं दुसऱ्या क्लबला सांगायचं नाही, हा या धंद्यातला एकुलता एक कायदा होता, आणि तो मोडणारा माणूस व्हर्नच्या पाहण्यात नव्हता. पण कायदा पाहिलेल्या गोष्टींचा होता. जे न पाहताच त्याने गावभर करून ठेवलं होतं, त्याचं काय?

रविवारी चर्च सुटल्यावर ग्रेडी आला. सोबत कोच आणि कॅचर. बेव्ह चर्चच्या कपड्यांतच होती. हलके चेंडू एरवी मैदानाच्या कडेला टाकत, पण आज मैदान रिकामं होतं, म्हणून कोचने त्याला मधल्या उंचवट्यावरच उभं केलं. व्हर्न उघड्या बाकावर, आपल्या जागेवर बसला. मागून बियांची टरफलं थुंकल्याचा आवाज आला.

"तू इथे कशाला?" मागे न बघता त्याने विचारलं.

"तू गाव सोडत नाहीस म्हणून मलाही सोडवत नाही," ऑगी म्हणाला. "माझी बायको विचारतेय, ब्रॅकेटमध्ये ठेवलंय काय एवढं."

ग्रेडीने चेंडू टाकायला सुरुवात केली. मूठ अक्षरांना टेकली. दुसऱ्या चेंडूला टेकली. सात चेंडूंनंतर त्याने मोजणं थांबवलं. कॅचरच्या हातमोज्यात चेंडू टप टप बसत होता आणि मूठ जिथे तीन वर्षं होती तिथेच होती.

त्याने मागे वळून पाहिलं. ऑगी ग्रेडीकडे बघतच नव्हता. तो व्हर्नच्या चेहऱ्याकडे बघत होता.

थोड्या वेळाने पाणी प्यायला ग्रेडी जाळीपाशी आला. टोपी काढून हातात धरली.

"सर, शुक्रवारी माझं काही चुकलं का? म्हणजे काही बदल करायचा असला तर कोच म्हणतात, अजून वेळ आहे. हात थोडा वरून आणू का? की पाय? मी काल आरशासमोर करून बघितलं, मला काही कळेना."

तीन वर्षांत ज्या हातात एका बोटाचाही फरक पडला नव्हता, तो हात हे पोर आता स्वतःहून बिघडवायला निघालं होतं.

"काहीही बदलू नकोस," तो म्हणाला. "ऐकतोयस ना? केसभरसुद्धा नाही. तुझं काही चुकलं नाही."

ग्रेडी परत गेला. व्हर्न उठला, एक ओळ वर चढून ऑगीच्या शेजारी बसला.

"त्याचा हात ठीक आहे. शुक्रवारी मी चुकलो. मी गादीवर बसलो होतो, डोळा वर गेला, हात खाली दिसला. एवढंच झालं."

ऑगीने चावणं थांबवलं, मग मोठ्याने हसला. "गादी. वा. वीस वर्षांत पहिल्यांदा मला काही सांगतोयस, आणि काय, तर गादी. तुम्हाला आमच्या गळ्यात मोडका हात बांधायचाय, मोजणीदार. शुक्रवारचा चेहरा खरा होता. आजचा चेहरा लेनने फोनवरून पाठवलाय."

"लेनने मला गप्प बसायला सांगितलंय."

"हो, आणि तू बोलतोयस. मग मी कशावर विश्वास ठेवू?"

ऑगीच्या जागी व्हर्न असता तर हेच म्हणाला असता. त्याने कोटाच्या खिशातून वही काढली. पारख्याची वही त्याच्या बायकोनेसुद्धा उघडलेली नसते. त्याने ती ऑगीच्या मांडीवर ठेवली.

ऑगी तिच्याकडे बघत राहिला. हात लावेना.

"वाच," व्हर्न म्हणाला. "हॅम्लिनची एकोणीस पानं आहेत. शुक्रवारचंही आहे, गादीचंही आहे, आजचंही. ही पानं मी तुझ्यासाठी लिहिलेली नाहीत, हे तुला अक्षरावरून कळेल."

ऑगीने बोटं विजारीला पुसली आणि वही उघडली. पहिल्या पानापासून वाचायला लागला. पहिल्या वर्षीचा तो हडकुळा पोरगा, पावसातला तो हरलेला सामना, हाताची उंची, दोन रेघा. मैदानात टप टप चालू होती. तीन-चार पानांनंतर ऑगी मान वर करून ग्रेडीकडे बघायला लागला. पान, मग ग्रेडी. पान, मग ग्रेडी. शुक्रवारच्या पानावर आल्यावर तो म्हणाला, "अरे देवा. खरंच गादी." आणि जरा वेळाने, हलक्या आवाजात, "तू वेडा आहेस."

"टेक्सासवाल्यालाही दाखव. मोटेलात आहे तो अजून."

"तुझ्या साहेबाला ठाऊक आहे?"

"आता कळेल. तू फोन करायच्या आधी मला करू दे."

लेनने दुसऱ्या घंटीलाच उचलला. "काय दिसलं?"

"हात ठीक आहे. दुसऱ्या फेरीत घ्यायला हवा. वही मी ऑगी मलूफला दाखवली."

"किती पानं?"

"हॅम्लिनची सगळी."

लेन चिडलेला नव्हता, थकलेला होता, आणि ते व्हर्नला जास्त लागलं. "दुसऱ्या फेरीत आपण ऑगीच्या क्लबनंतर आहोत. माहिती आहे ना तुला? सहा नावांनंतर."

"हो."

"गाडी क्लबची आहे, व्हर्न. बुधवारपर्यंत इथे आणून सोड. चावी हॉटेलच्या काउंटरवर दे. मला भेटायची गरज नाही."

तो परत आला तेव्हा ऑगी फोनच्या दिशेने निघाला होता, पोट सावरत, जवळजवळ पळत. बेव्ह पहिल्या ओळीत उभी होती. तिने व्हर्नच्या तोंडाकडे पाहिलं.

"बातमी आहे ना काहीतरी? चांगली की वाईट?"

"ग्रेडीची चांगली आहे. आज घरीच थांबा, फोन येतील. आणि बाई, शुक्रवारी जे फोन आले नाहीत ते माझ्यामुळे आले नाहीत. माझी चूक झाली होती. सविस्तर ऐकायचं असेल तर सांगतो, पण ऐकून तुम्ही मला रोल देणार नाही."

बेव्ह त्याच्याकडे एकटक बघत राहिली. तिच्या चेहऱ्यावर राग यायला लागला होता, तो त्याला स्वच्छ दिसत होता. "सांगा," ती म्हणाली.

त्याने सांगितलं. शेवटी ती म्हणाली, "दोन रात्री जेवला नाही माझा मुलगा," आणि पर्स उचलून मैदानात कोचकडे निघून गेली. व्हर्नला त्यापेक्षा वेगळं काही अपेक्षित नव्हतं. तो बसला, उठला, पुन्हा बसला. ग्रेडीचे शेवटचे चेंडू चालू होते. हे कोपर किती वर्षं टिकेल ते कोणालाच माहीत नव्हतं, त्यालाही नाही. आज ते धड होतं, इतकंच त्याला ठाऊक होतं.

ऑगी परत आला तो धापा टाकत.

"दुसरी फेरी म्हणतायत. नक्की नाही, पण म्हणतायत. साहेबांनी तीनदा विचारलं, कोण सांगतंय म्हणून. मी म्हटलं, मीच बघितलं, माझ्या डोळ्यांनी." त्याने वही परत दिली. "लेन काय म्हणाला?"

"बुधवारी गाडी विचिटाला सोडायची आहे."

ऑगीने खिशातून बियांची पुडी काढली, व्हर्नपुढे धरली. व्हर्नने चार बिया घेतल्या.

"मग विचिटाहून घरी कसा जाणार तू?"

"बस असेल."

"बस सकाळी एकच आहे आणि तिला वास येतो," ऑगी म्हणाला. "मी तिकडूनच जाणार आहे. बुधवारी दुपारी हॉटेलच्या दारात उभा राहा. पण मागच्या सीटवर बसायचं. पुढे माझी वही असते."